मलाक्का एका दिवसात उरकू नका

प्रश्न असा आहे: क्वालालंपूरमध्ये पाच रात्री राहायचं ठरलं आहे, त्यातल्या एका दिवशी मलाक्का या जुन्या बंदराच्या गावी जाऊन संध्याकाळी परत यायचा विचार आहे. सोबत नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, नवऱ्याचा जीव माशांत. जाण्यासारखं आहे का, बघायचं काय, आणि सासूबाईंच्या जेवणाचं कसं?

मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन मलेशियात फिरणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. ताई, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. मलाक्काला नक्की जा, पण त्याच दिवशी परत येऊ नका. पाचातल्या दोन रात्री तिकडे द्या. क्वालालंपूरचे मनोरे आणि मॉल तीन दिवसांत निवांत बघून होतात.

एका दिवसाच्या सहलीत काय होतं ते सांगते. बस अकराच्या सुमारास पोचवते. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, हवा दमट, आणि लाल इमारतींच्या जुन्या चौकात, म्हणजे लाल चौकात, फोटो काढणाऱ्यांची झुंबड. तिथून जाँकर स्ट्रीट या दुकानांच्या जुन्या गल्लीत एक चक्कर, काहीतरी गारेगार खाणं, चारची परतीची बस. मग माणूस घरी येऊन सांगतो की दोन तासांचं गाव आहे. प्रत्यक्षात हे गाव सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर जगतं. मधल्या वेळात तिथली माणसंही सावलीत असतात. दिवसभराची सहल नेमकी त्याच वेळात तिथे जाते.

वार निवडता येत असेल तर गुरुवारी दुपारी पोचा आणि शनिवारी सकाळी निघा. जाँकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार, शनिवार, रविवार असा भरतो. शुक्रवारी तो बघून होतो, आणि शनिवारी सिंगापूर-क्वालालंपूरचा लोंढा येतो तेव्हा तुम्ही बाहेर पडलेल्या असता. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, आणि मंगळवार-बुधवारी जुन्या भागातली कितीतरी दुकानंही उघडत नाहीत. चिनी नववर्षाच्या आठवड्यात तर सासूबाईंना घेऊन जाऊच नका.

आता हे गाव असं का आहे, ते थोडं समजून घ्या, म्हणजे ताटात काय येतं तेही कळेल. साधारण १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजपुत्राने नदीच्या मुखाशी हे बंदर वसवलं. समोर सुमात्रा बेट आडवं असल्यामुळे पाणी शांत. त्याहून महत्त्वाचा होता वारा. भारताकडून येणारी गलबतं नैऋत्य मोसमी वाऱ्यावर येत, चीनची जहाजं ईशान्य वाऱ्यावर. परत जायचं तर वारा फिरेपर्यंत थांबणं भाग. म्हणजे काही महिने मुक्काम. त्या मुक्कामात गोदामं बांधली गेली, देवळं-मशिदी उभ्या राहिल्या, स्थानिक बायकांशी लग्नं झाली आणि घराघरात दोन-दोन देशांचा स्वयंपाक एका चुलीवर आला.

इथे आपलाही संबंध येतो. तोमे पिरेश हा पोर्तुगीज औषधी जाणकार १५१२ नंतर काही वर्षं मलाक्कात होता. बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांची त्याने जी यादी केली, तिच्यात गुजरात्यांच्या सोबत चौल, दाभोळ आणि गोव्याची माणसं आहेत. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं पाचशे वर्षांपूर्वी त्या नदीकाठी वाऱ्याची वाट बघत बसलेली असायची. तुमच्या मुलीला हे नदीवरच सांगा. शाळेच्या पुस्तकातलं दाभोळ तिला तिथे वेगळं दिसेल.

या थांबलेल्या माणसांच्या वंशजांचे तीन समाज आजही शहरात आहेत. चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांचे वंशज ते बाबा-न्योन्या: पुरुष बाबा, बाई न्योन्या. तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज ते चिट्टी. आणि पोर्तुगिजांचे वंशज ते क्रिस्तांग. तिघांच्याही घरात मलय भाषेची छाप, तिघांच्याही स्वयंपाकात नारळ आणि चिंच, पण तिघांचे देव वेगळे.

चिट्टींबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण बहुतेक गाइड त्यांना एका वाक्यात गुंडाळतात. हा समाज हिंदू आहे, नावं तमिळ आहेत, पण पिढ्यान् पिढ्या घरात मलय बोलतो. बायका सणाला साडीऐवजी लुंगीसारखं सारोंग नेसतात आणि वर कबाया हा अंगरखा घालतात. जालान तुकांग एमास म्हणजे सोनार आळी, तिथलं श्री पोय्याता विनायगर मूर्ती मंदिर १७८१ चं. डच राजवटीत मिळालेल्या जागेवर चिट्टींनी बांधलेलं, आणि मलेशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी एक. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या भोगीला, त्यांच्याकडे भोगी पारचू असतं: केळीच्या पानांवर पूर्वजांच्या आवडीचे पदार्थ वाढून त्यांची आठवण काढायची. गाजा बेरांग भागात त्यांची वस्ती आहे, कांपुंग चिट्टी. वस्तीतली घरं राहती आहेत, हे ध्यानात ठेवून फिरा.

विनायगर मंदिराच्या पुढे काही पावलांवर कांपुंग क्लिंग मशीद आहे, १७४८ ची. छप्पर घुमटाचं नसून उतरत्या टप्प्यांचं, आणि मिनार एखाद्या चिनी पॅगोडासारखा. आणखी थोडं पुढे छेंग हून तेंग, सतराव्या शतकातलं चिनी देऊळ. छपराच्या कडांवरची फुलं, पक्षी आणि माणसं चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून जडवलेली आहेत. मान वर करून पाच मिनिटं तरी बघा. ही तिन्ही देवस्थानं चालत दहा मिनिटांत होतात, पण सकाळी आठला जा. त्या वेळी देवळात उदबत्त्यांचा धूर असतो, मशिदीच्या हौदाशी एखाद-दुसरा म्हातारा असतो, आणि गल्लीतून सायकली जातात. दुपारी तिथे फक्त कॅमेरे असतात.

खाण्याकडे वळते. सुरुवात गुळापासून करा. गुला मलाक्का म्हणजे माडाच्या पोयीतून काढलेला रस आटवून बांबूच्या नळीत ओतलेला गूळ. म्हणून तो दंडगोल असतो, आणि नळीचा ठसा अंगावर दिसतो. गोव्यातला माडाचा गूळ ज्यांनी खाल्ला आहे त्यांना वास लगेच ओळखू येईल: किंचित धुरकट, किंचित खारट. चांगला गूळ बोटाने दाबला तर थोडा नमतो, तोडल्यावर आत ओलसर आणि गडद निघतो. जो दगडासारखा कडक आणि फिकट आहे त्यात उसाची साखर आहे असं समजा. पर्यटकांच्या दुकानात सुंदर वेष्टनात बहुतेक तोच मिळतो.

हा गूळ चेंदोलमध्ये पातळ करून घालतात: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पांदानच्या पानांच्या रसाने हिरव्या केलेल्या तांदळाच्या शेवया, थोडा राजमा आणि वरून गुळाचा पाक. पाक नंतर ओतला जातो, म्हणून ढवळायच्या आधी एक चमचा तळातून आणि एक वरून घ्या. दोन्हींची चव वेगळी लागते. त्याच गुळाचा दुसरा पदार्थ ओंदे-ओंदे. चिकट तांदळाच्या पिठाचा हिरवा गोळा, आत गुळाचा खडा, वाफवला किंवा उकळला की खडा वितळतो, आणि वरून ओल्या नारळात घोळवतात. आपल्या उकडीच्या मोदकाचेच तीन जिन्नस, फक्त नारळ आतून बाहेर आला आहे. सगळा एकदम तोंडात टाका आणि ओठ मिटून चावा, नाहीतर पाक समोरच्याच्या सदऱ्यावर. सासूबाईंना हा पदार्थ आवडेल याची मला खात्री आहे. पुतू पिरिंगही त्यांना द्या: तांदळाच्या पिठाच्या लहानशा वाफवलेल्या चकत्या, मधे हाच गूळ. संध्याकाळी तंकेरा भागात ताज्या मिळतात. आणि दोदोल. नाताळात गोव्यात घरोघरी तासन् तास ढवळला जातो तोच, त्याच नावाचा. इथे मलय लोक ईदेला करतात.

शाकाहाराची अडचण एकाच पदार्थाची आहे, आणि ती बलाचान. वाळवून, कुटून, आंबवून केलेली कोळंबीची वडी. ती दिसत नाही. पालेभाजीत असते, चटणीत असते, फ्राइड राइसमध्ये असते, आणि वाढणाऱ्याला ती मांसाहार वाटतच नाही. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. "तानपा बलाचान, तानपा उदांग" असं स्पष्ट म्हणा: बलाचान नको, कोळंबी नको. कोंबडीच्या भाताचे गोळे हा इथला प्रसिद्ध पदार्थ. त्यात कोंबडी वेगळी ठेवली तरी भात तिच्याच रश्श्यात शिजलेला असतो. लाक्सा या शेवयांच्या रश्श्यातही वाळवलेली कोळंबी असते. साते चलुप, म्हणजे उकळत्या शेंगदाण्याच्या रश्श्यात काड्या बुडवून खायचा प्रकार, त्यात भाज्यांच्याही काड्या असतात, पण भांडं सगळ्यांचं एकच. तुमची मुलगी आणि नवरा तिथे रमतील. काडीच्या रंगावर दर ठरतो आणि शेवटी काड्या मोजून बिल होतं.

सासूबाईंसाठी तीन ठिकाणं. जालान बंदाहारा, म्हणजे लिटल इंडिया, तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, दोन-तीन भाज्या, पापड, रस्सम. सकाळी तिथेच तोसाई आणि इडली. दुसरं, चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळी. तिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो, त्यामुळे उपवासाच्या आसपासच्या दिवसांतही चालतं. टोफू आणि सोयाचे पदार्थ दिसायला हुबेहूब मांसासारखे असतात, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या पान दूर सारतील. तिसरं, रोती चनाय. आपल्या परोठ्याचा हा चुलतभाऊ सगळीकडे मिळतो, पण सोबतच्या डाळीवर हौसेने माशाचा रस्सा ओततात. "दाल सहाजा" म्हणा, फक्त डाळ. काही ठिकाणी पिठात अंडं असतं, तेही विचारून घ्या. घरून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या. पांढरा भात कुठेही मिळतो, आणि सत्तरीत तिसऱ्या दिवशी पोटाला तेवढंच हवं असतं.

नवऱ्यासाठी पहिल्या रात्री आसाम पेदास: चिंचेच्या आंबट-तिखट रश्श्यातला मासा. मालवणी माणसाला हा रस्सा परका वाटत नाही, फक्त कोकमाऐवजी चिंच आहे आणि नारळ नाही. दुसऱ्या रात्री पोर्तुगीज वस्ती. शहराच्या मध्यापासून तीनेक किलोमीटरवर, उजोंग पासिरला, समुद्राकाठी. १९३० च्या दशकात दोन पाद्र्यांच्या पुढाकाराने क्रिस्तांग कोळ्यांसाठी ही जागा मिळाली. तिथे भाजलेला मासा केळीच्या पानात मिळतो, आणि करी देबाल: मोहरी, व्हिनेगर, भरपूर मिरची. वसईच्या ख्रिस्ती घरांतलं विंदालू खाल्लेल्यांना व्हिनेगरचा तो आंबटपणा लगेच कळेल.

याच किनाऱ्यावर चिंचालोक बनतं. पुरुष छातीभर पाण्यात दोन बांबूंना बांधलेलं त्रिकोणी जाळं ढकलत जातात आणि गेरागाउ पकडतात. गेरागाउ म्हणजे आपला जवळा. तो मीठ आणि शिजवलेला भात घालून बाटलीत भरतात, काही दिवसांत तो गुलाबी, पातळसर आणि उग्र होतो. त्यात कच्चा छोटा कांदा, मिरची आणि लिंबू पिळून भाजलेल्या माशाबरोबर खायचं. कोकणात आपण जवळा वाळवतो, त्यांनी आंबवला. अलीकडे समुद्रात भराव टाकल्यामुळे किनारा पुढे सरकला, पाणी गढूळ झालं आणि जाळं ढकलणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून तिथे जाल तेव्हा बाटली बाहेरच्या दुकानातून न घेता वस्तीतल्याच एखाद्या घरातून घ्या. पैसे थेट त्या घरात जातात.

क्रिस्तांग लोकांची पोर्तुगीज मिश्रित बोली अजून काही म्हातारे बोलतात. आपल्याकडे रेवदंड्याजवळ कोर्लई गावात अशीच पोर्तुगीज मिश्रित बोली टिकून आहे. तुम्ही अलिबागकडच्या असाल तर तिथल्या आजोबांना हे आवर्जून सांगा, त्यांना फार आनंद होतो. २९ जूनला तिथे सान पेद्रोचा सण असतो, होड्या सजवून त्यांना आशीर्वाद देतात. त्याच दिवशी गोव्यात सांगोड हा होड्यांचा सण होतो.

आता बघण्याच्या जागा. लाल चौकातलं स्टाडहाइस, म्हणजे डचांचं सरकारी कचेरीचं घर, साधारण १६५० चं, शेजारचं क्राइस्ट चर्च १७५३ चं. चर्चच्या आत जाऊन छताच्या तुळया बघा, एकेक तुळई एकाच झाडाची, कुठेही जोड नाही. लाल रंग डचांनी दिलेला नाही, तो इंग्रजांच्या काळात आला. चौकातल्या दिवे आणि गाण्यांच्या सायकल रिक्षात मुलीला एकदा बसवा, दर आधी ठरवून.

सेंट पॉल टेकडी मात्र चुकवू नका. पायऱ्या फार नाहीत, सासूबाईंना थांबत थांबत जमेल, पण सूर्य उतरल्यावरच. नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का घेतलं, आणि पुढची एकशेतीस वर्षं, डचांनी १६४१ मध्ये जिंकेपर्यंत, इथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालला. टेकडीवरचं छप्पर नसलेलं चर्च १५२१ चं. आत जमिनीत जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १५५३ मध्ये त्यांचा देह इथे आणून पुरला, काही महिन्यांनी पुन्हा काढला आणि १५५४ मध्ये तो गोव्याला पोचला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू बॅसिलिकात जे दर्शन आपण घेतो, त्याच्या प्रवासातला हा टप्पा. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात तुटलेला. खाली उतरलात की पोर्ता द सांतियागो, पोर्तुगीज किल्ल्याचा एकुलता एक उरलेला दरवाजा. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास सुरुंग लावून पाडला.

हीरेन स्ट्रीट, म्हणजे जालान तुन तान चेंग लॉक, इथलं बाबा-न्योन्या घराचं संग्रहालय मी कुणालाही सोडू देत नाही. समोरून अरुंद दिसणारं घर आत लांबच लांब जातं, मधे उघडा चौक, त्यातून पाऊस थेट घरात. वरच्या मजल्याच्या जमिनीत एक भोक आहे, दारात कोण आलं ते बघण्यासाठी. मण्यांच्या चपला बघा: कासुत मानेक. मणी खसखशीएवढा, एक जोड पुरा व्हायला महिने लागतात. हातात भरतकामाची सुई धरलेल्या कुठल्याही बाईला तिथे अर्धा तास कमी पडतो.

नदीवरची बोटसफर पाऊण तासाची, रात्री घ्या. वाटेत कांपुंग मोर्तेन लागतं, लाकडी मलय घरांची वस्ती, घरांना रंगीत फरशांच्या पायऱ्या. तिथे सकाळी चालतही जा. शहर वरून दाखवणारा मनोरा, दर्यासंग्रहालयाची जहाजाची प्रतिकृती वगैरे वेळ उरला तर.

एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी बघा. हे शहर आणि पेनांगचं जॉर्ज टाउन २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्याआधीच घरभाड्यावरचं जुनं नियंत्रण उठलं होतं. भाडी वाढली, आणि सोनार, लोहार, टोपल्या विणणारे जुन्या गल्ल्यांतून निघून गेले. त्यांच्या जागी आता कॅफे आणि फ्रिज मॅग्नेटची दुकानं आहेत. अजून उरलेल्या कारागिरांकडून काहीतरी छोटं घ्याच.

जायचं कसं: क्वालालंपूरचं बसस्थानक तर्मिनाल बरसपादु सलातान, ज्याला सगळे टीबीएस म्हणतात, तिथून मलाक्का संत्राल या बसस्थानकाला बस. साधारण दीडशे किलोमीटर, दोन तास. विमानतळावरूनही थेट बस आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या आधी मलाक्का आणि मग क्वालालंपूर केलंत तर एक फेरी वाचते. रेल्वेच्या नादी लागू नका, जवळचं स्टेशन पुलाउ सबांग शहरापासून बरंच लांब आहे. संत्रालपासून जुन्या भागात ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, घ्या. राहायला नदीच्या जवळचं जुनं घर निवडलंत तर छान, पण सासूबाईंसाठी तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्या, कारण त्या घरांचे जिने उभे असतात आणि लिफ्ट नसते. छत्री पिशवीत ठेवाच, दुपारचा पाऊस बाराही महिने येतो. देवळा-मशिदीसाठी मुलीकडे खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी असू द्या.

व्हिसाचं: भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश सुरू झाला, मात्र डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या तीन दिवस आत ऑनलाइन भरावं लागतं. तिकीट काढण्याआधी दोन्ही नियम एकदा सरकारी स्थळावर तपासा.

आणि परतीच्या सामानात गुला मलाक्काचे दोन-तीन दंड प्रत्येकीसाठी घ्या, बाजारातल्या दुकानातून, बोटाने दाबून बघून. बलाचान घेतलंत तर ते तीन पिशव्यांत बांधून चेक-इन बॅगेत टाका, सासूबाईंच्या साड्यांच्या बॅगेत नको.